रविवारची घासाघीस

जानेवारी लागला की बडोद्यात रस्त्याच्या कडेला गुलाबी दोरे ताणले जातात. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. हाताला चिंध्या बांधलेले कारागीर काचेच्या पुडीचा लगदा मुठीत धरून त्या दोऱ्यावरून चालत जातात आणि चालत परत येतात. मांजा उन्हात वाळत राहतो. भाजीच्या गाड्यांवर पापडी, सुरण, हिरव्या लसणाच्या जुड्या दिसू लागतात, एकाआड एक घरातून उंधियूचा वास येतो आणि सकाळी सायकलचं हँडल धरलं की बोटं आखडतात. साऱ्या शहराला या दिवसांत सण चढतो. मला राग चढतो.

घरची माणसं म्हणतात, "संक्रांत आली, आता तरी गोड बोला." मी म्हणतो, आधी तीळ आणा, मग बघू.

या रागाला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तो सांभाळून ठेवलाय. वेळच्या वेळी तेलपाणी करतो, गंज चढू दिलेला नाही. लोक म्हणतात, वय झालं, सोडून द्या. ज्यांच्याकडे दुसरं पुष्कळ काही असतं, त्यांना सोडून देणं परवडतं.

आमचं घर दांडिया बाजारातलं. पणजोबा सरकारी दफ्तरात, आजोबा शाळाखात्यात, वडील कचेरीत. लेखणीवर जगलेलं घर. थोरला भाऊ, दादा, कॉलेजात इंग्रजीचा प्रोफेसर झाला. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि सतराव्या वर्षी मकरपुऱ्याच्या एका कारखान्याच्या फाटकासमोर हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन बसलो. दादा तेव्हा जेवताना म्हणाला होता, "या घराण्यातला हात शाईने काळा होतो, बाळ्या. ग्रीसने नव्हे." कुणी हसलं नाही. पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. पुढे मी दुकान घेतलं ते मुद्दाम आमच्याच गल्लीच्या तोंडाशी घेतलं. येता-जाता दिसावं म्हणून.

मला कला एकच येते, घासाघीस. लोकांना वाटतं ती पैशांसाठी असते. पैशांसाठी घासाघीस करणारा कच्चा. घासाघीस असते ती कुणाची मान आधी हलते यासाठी. समोरच्याने एक टोक धरायचं, आपण दुसरं धरायचं, मग दोघांनी अंगावर काही न दाखवता एकेक पाऊल सरकायचं. शेवटी जिथे भेट होते ती जागा आधीपासून दोघांनाही ठाऊक असते. तरी तिथपर्यंत चालत जावंच लागतं. थेट उडी मारली तर दोघांचाही अपमान होतो.

तर त्या वर्षीचा संक्रांतीच्या आधीचा रविवार. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. कारखान्यातले कामगार सायकली विकून मोपेड घेत होते, गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातला मुलगा अमेरिकेची स्वप्नं पाहत होता आणि माझ्याकडे येणारे मला विचारत होते, "काका, आता सायकल कोण चालवणार?" मी सकाळी आठला शटर वर करत होतो, तेवढ्यात एक गृहस्थ स्कूटरवरून आले.

"प्रोफेसरसाहेबांनी मेकॅनिकला बोलावलंय. फतेगंजला. ते ख्रिस्ती सायकलवाले आलेत ना, त्यांच्यात एकीचं चाक गेलंय."

सायकलवाल्यांबद्दल मी ऐकलं होतं. वीसेक माणसं, काही गोरी, काही आपली, दिल्लीहून गोव्यापर्यंत सायकलने निघाली होती. अंध मुलांच्या शाळांसाठी मदत गोळा करत. बडोद्यात त्यांचा विसाव्याचा दिवस होता आणि गावातल्या स्वागत समितीत दादा होता. इंग्रजी बोलणारा माणूस लागतोच.

मी शटर पुन्हा खाली ओढलं आणि माझी काळी सायकल काढली.

फतेगंजातलं ते मिशनचं जुनं आवार मला अजून दिसतं. मोठे कडुलिंब, त्यांच्याखाली गळून पडलेली पिवळी पानं, तारेवर ओळीने वाळणारे बनियन आणि मोजे. भिंतीला टेकून सायकली उभ्या होत्या, बारीक टायरच्या, गिअरच्या, आपल्याकडे तेव्हा नवलाईच्या. कुणी पायाला तेल चोळत होतं, कुणी पत्र लिहीत होतं, एक जाडसा गोरा चटईवर पालथा पडून घोरत होता. एवढी धट्टीकट्टी माणसं सकाळच्या वेळी काहीही न करता बसलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमच्या घरातले पुरुष सोडून.

त्यांचा पुढारी होता डंकनसाहेब, स्कॉटलंडचा. साठीचा, उंच, उन्हाने नाकाची सालं निघालेली, सँडलमध्ये पांढरे मोजे. त्याच्या शेजारी खुर्चीवर दादा. आणि पायरीवर एक बाई बसली होती, पन्नाशीची, नऊवारी नेसणाऱ्या घरातली वाटावी अशी, पण अंगात सलवार-कमीज आणि पायात कॅनव्हासचे बूट. मांडीवर मोडकं चाक. एखादी बाई आजारी पोराला घेऊन दवाखान्यात बसावी तशी.

"सलाम, भाऊ," ती म्हणाली. नगरकडची भाषा. "मी मार्था. अंध मुलींच्या शाळेत शिकवते. बघा काय झालंय ते."

मी चाक हातात घेतलं. मागचं चाक. हायवेवरच्या खड्ड्यात रिम पापडासारखी वाकली होती, अर्धे स्पोक तुटले होते, उरलेले तुटायच्या बेतात होते. आपल्या सायकलच्या मागच्या चाकाला चाळीस स्पोक, याला छत्तीस. म्हणजे आपली रिम चालणार नाही, आपले स्पोक लांबीला बसणार नाहीत. त्यांच्या टेम्पोतली जादा चाकं आधीच वापरून झाली होती.

"काल शेवटचे आठ मैल चालत आले," बाई म्हणाल्या. "सायकल खांद्यावर घेऊन. टेम्पोत नाही बसले."

"का?"

त्यांनी जे सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. शाळेतल्या मुलींनी एका पुठ्ठ्यावर दिल्ली ते गोवा असा जाड दोरा चिकटवला होता. रोज संध्याकाळी बाई फोन करून कुठे पोचल्या ते सांगायच्या आणि मुली तेवढ्या दोऱ्यावरून बोटं फिरवायच्या. निघताना एका मुलीने अट घातली होती, की जेवढं अंतर बाई गाडीत बसतील तेवढा दोरा कापून टाकायचा. मुली बाईंना पाहू शकत नव्हत्या, तेव्हा बाई सांगतील तेच खरं. "म्हणूनच खोटं बोलता येत नाही हो," बाई म्हणाल्या. "डोळस पोरींना फसवलं असतं एखादे वेळी."

सोमवारी पहाटे पाचला सगळे निघणार होते. तोवर चाक झालं नाही, तर दोरा बडोद्यापासून कापायचा.

दादाने एव्हाना डंकनसाहेबाला माझी ओळख करून दिली होती. माझ्या कानांदेखत. "धिस इज अ मेकॅनिक फ्रॉम अवर लोकॅलिटी."

एवढंच. आमच्या भागातला एक मेकॅनिक. मी मॅट्रिक नापास असेन, पण कारखान्यांच्या साहेबलोकांशी मी वीस वर्षं घासाघीस केली होती. एवढं इंग्रजी मला कळतं हे दादाला कळायला हवं होतं. की कळत होतं?

मी राग गिळला आणि म्हणालो, "दुपारी बाराला कामाला बसतो, संध्याकाळपर्यंत चाक देतो."

दादाने भाषांतर केलं. डंकनसाहेबाने हसून मान हलवली, नकारार्थी. मग तो बराच वेळ बोलला. दादाने मला त्याचं सार सांगितलं, "आज रविवार आहे. हे लोक रविवारी काम करत नाहीत, आणि स्वतःसाठी दुसऱ्या कुणाकडूनही करून घेत नाहीत. नोकराकडूनसुद्धा नाही. त्यांचं जेवणही कालच शिजवून ठेवलंय."

"अहो, पण मी कुठे ख्रिस्ती आहे? माझा रविवार मला मोकळा आहे."

"तसं चालत नाही म्हणतात."

"मग पहाटे पाचला बाईंनी उडत जायचं?"

साहेब म्हणाला, रात्री बारा वाजता रविवार संपतो. बारानंतर खुशाल काम करा.

आता मला चेव चढला. त्याने एक टोक धरलं होतं. मी म्हणालो, "रात्री बारानंतर चोर काम करतात. मला छत्तीस स्पोक कापून त्यांना नवे आटे पाडायचेत. त्याचं हत्यार तरसालीला माझ्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये आहे, तो नऊला कुलूप लावतो. साहेबांना सांगा, दुपारी दोन. दोन तास सोडले मी."

साहेबाने दहा सांगितले. रात्रीचे. त्यालाही मजा येऊ लागली होती, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. स्कॉटलंडचे लोक घासाघिशीत कमी नाहीत हे मला त्या दिवशी समजलं.

मी चार म्हटलं. तो गप्प. मी गप्प. दादा दोघांच्या मधे, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. इथे एकदम पायरीवरून मार्थाबाई बोलल्या. त्यांनी आधी साहेबाला त्यांच्या सावकाश शाळामास्तरी इंग्रजीत सांगितलं, मग मला मराठीत. त्यांच्या धर्मग्रंथात दिवस मध्यरात्री बदलत नाही, सूर्य मावळला की बदलतो. संध्याकाळ आधी, सकाळ नंतर. रविवार सूर्यास्ताला संपला असं धरायला शास्त्राचा आधार आहे.

साहेब विचारात पडला. नाकाची साल खाजवू लागला. मी मनात हिशेब केला आणि मला हसू फुटलं. मी धरलं होतं दुपारचे बारा, त्याने रात्रीचे बारा. मधोमध सहा. जानेवारीत बडोद्याला सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. सौदा जिथे पटायचा होता तिथेच पटत होता, फक्त देवाच्या नावाने.

"बोलो, सूर्यास्त!" मी हात पुढे केला.

साहेबाने हात धरला, पण सोडला नाही. त्याची आणखी एक अट होती. जो माणूस संध्याकाळी आमच्यासाठी काम करणार, त्याने आज दिवसभर विश्रांती घ्यायची. आमच्याबरोबर, इथेच. नाहीतर तुमचा सातवा दिवस आम्ही खाल्ला असं होईल.

संक्रांतीआधीचा रविवार आणि सायकलचं दुकान बंद! दसऱ्याला मिठाईवाल्याने झोपून राहावं तसं ते. पण हात हातात होता आणि बाई बघत होत्या. मी कबूल झालो.

मग साहेबाने विचारलं, तुम्हाला काय द्यायचं?

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एक पैसा नको. दादा, तू फक्त एक वाक्य यांना इंग्रजीत सांग. सांग की मी तुझा सख्खा धाकटा भाऊ आहे."

कडुलिंबावर खारी चिरचिरत होत्या. दादाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग साहेबाकडे वळून म्हणाला, "ही सेज इट इज अॅन ऑनर."

हा माझा सन्मान आहे, असं तो म्हणतो.

मी चाक पायरीवर आपटलं. "मी असं म्हणालो? मी असं म्हणालो का? अरे, भाषांतरसुद्धा चोरून करतोस? चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, आणि एक वाक्य, एक वाक्य जीभ उचलत नाही तुझी!" आणखीही बरंच बोललो. काही गुजरातीत बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. घोरणारा गोरा उठून बसला. दादा खालच्या आवाजात म्हणत राहिला, "बाळ्या, तमाशा नको. लोक आहेत." आणि मी तडक फाटकाकडे चालू लागलो.

फाटकापर्यंत पोचलोही होतो. मागून कॅनव्हासच्या बुटांचा आवाज आला.

"भाऊ," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "तुमचा राग खरा आहे. मी ऐकलं, मला सगळं कळलं. पण तो तुमच्या दादांवर काढा. माझ्या चाकावर का?"

मी फाटकाच्या कडीवर हात ठेवला.

"मी तुम्हाला माफ करा असं नाही म्हणणार. ते आमचे चर्चचे पाळकसाहेब म्हणतील, त्यांचं ते काम आहे. मला चाक पाहिजे."

अशी बाई मी पाहिली नव्हती. सौदा कुठे करायचा आणि कुठे नाही हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी परत फिरलो. पण जाता जाता दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "बाई, काम तुमचं करतोय. समितीचं नाही."

आणि मग विसावा. नऊ वाजल्यापासून सूर्यास्तापर्यंत. कामाला कधी एवढा थकलो नाही. हातांचं काय करायचं ते कळेना. मी गुडघ्यावर ठेवले, मांडीखाली घेतले, पाठीमागे बांधले. समोर एका सायकलची साखळी सैल दिसत होती, दुसरीचा ब्रेक रिमला घासत होता, माझे हात शिवशिवत होते. एकदा नकळत उठून मी पान्याकडे गेलो, तर तो स्कॉटिश म्हातारा झोपेतून एक डोळा उघडून बोट हलवू लागला. अगदी शाळेतला गुरुजी!

तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं, की मला रविवार असा कधी मिळालाच नव्हता. कामगारांची सुट्टी रविवारी, म्हणून ते सायकली रविवारी आणायचे. दुसऱ्यांच्या सुट्टीवर माझं दुकान चालायचं. आणि आमच्या घरात रविवार कसा असे? वडील आरामखुर्चीत, वर्तमानपत्र तोंडावर. दादा दुपारी झोपे, त्याच्या खोलीवरून जाताना चपला हातात घ्यायच्या. विश्रांतीसुद्धा घराण्यातून येते. एकाला मिळते, दुसऱ्याला तिच्या दारावरून पाय न वाजवता जायला शिकवतात. आणि इथे हा परका म्हातारा माझा हात धरून म्हणत होता, तुझाही दिवस आहे, घे. भीक म्हणून देत नव्हता, अट म्हणून घालत होता. अट घातलेली मला समजते. दया घातली असती तर मी ती त्याच्या मोज्यात कोंबली असती.

दुपारी कालची वरण-पोळी आणि गाजराची कोशिंबीर. पाहुणे आणि समिती खुर्च्यांवर, मी बाईंजवळ पायरीवर. दादा ताट घेऊन आमच्यापर्यंत आला. "बाळ्या, जेवलास का?"

"मेकॅनिक जेवला," मी म्हणालो.

त्याने ताटातली पोळी इकडची तिकडे केली. मग परत खुर्चीकडे गेला.

"फार लावून घेता तुम्ही," बाई म्हणाल्या.

"आमचं सगळं लावूनच चालतं, बाई. पंक्चरला ठिगळसुद्धा."

त्या हसल्या, ठसका लागेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, सायकल त्या पंचेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. नवरा वारल्यावर. शाळेच्या शिपायाच्या सायकलवर, मैदानात, आणि मुली घंटीच्या आवाजावरून सांगायच्या, बाई कुठे पडल्या. गावात लोक हसत. "हसू दे," बाई म्हणाल्या. "पडताना बघणारं तिथे कुणी नव्हतंच."

त्यानंतर मला झोप लागली. चटईवर, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, कुणीतरी माझ्या अंगावर शाल टाकली होती आणि आत मराठीत प्रार्थनेचं गाणं चाललं होतं, पेटीवर. क्षणभर मी कोण ते मला आठवेना. फार सुखाचा क्षण होता. मग आठवलं.

सूर्य मावळायची वाट बघणारे आम्ही तिघे. साहेब घड्याळाकडे, बाई आकाशाकडे आणि मी दादाकडे बघत होतो. तो मात्र दिवसभर थांबला होता, का ते मला माहीत नाही. शेवटची उजेडाची पट्टी कडुलिंबामागे गेली, साहेबाने मान हलवली आणि मी चाक खांद्यात अडकवून सायकलवर टांग मारली. फतेगंज ते तरसाली, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा मित्र रमणभाई वर्कशॉपच्या दारात उभा होता.

"आखो दिवस दुकान बंद! क्यां हता?"

"आराम करतो हतो."

"तमे?" तो इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

मी कामाला लागलो. रिम गुडघ्याखाली दाबली, लाकडी हातोड्याने ठोकली, पुन्हा डोळ्यासमोर धरली. स्पोक कापले, एकेकाला आटे पाडले. हबमध्ये ओवले, वर-खाली, उलट-सुलट, आणि चाक फिरवून त्याचा आउट, म्हणजे डोलणं, काढायला बसलो. मी आजवर हजारो चाकं केली असतील. पण त्या संध्याकाळी हात असे चालले, जणू दिवसभर त्यांनीच आत कुठेतरी ते चाक जुळवून ठेवलं होतं. विसाव्यात काही असेलही. पण हे मी डंकनसाहेबाला सांगितलं नाही. सौदा झाल्यावर मालाची स्तुती करायची नसते.

सोमवारी पहाटे मी चाक बसवलं. धुकं होतं, तोंडातून वाफ निघत होती. साहेबाने बॅटरी धरून चाक फिरवलं. ब्रेकच्या दोन रबरांमधून ते कुठेही न घासता फिरत राहिलं. त्याने शीळ घातली. बाकीचे गोळा झाले, कुणी माझी पाठ थोपटली, कुणी फोटोसाठी पुढे ओढलं. आणि तेव्हा शालीत गुरफटलेला दादा पुढे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाला, "यू नो, ही इज माय यंगर ब्रदर."

तेच वाक्य. एक दिवस उशिरा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्यावर.

मी त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी मी तेव्हा बोललो. "नो सर. मेकॅनिक."

दादाचा चेहरा मी पाहिला. वाईट वाटलं का? वाटलं. पण मागे घेतलं नाही, आजही घेत नाही. चाक सरळ पळू लागल्यावर कुणीही भाव देतो. जेव्हा ते मोडकं हातात असतं तेव्हा जो विचारतो त्याचा भाव खरा.

नव्या स्पोकांचा ताण पहिल्या वीस-पंचवीस मैलांत सैल पडतो. एकदा तरी पुन्हा आवळावं लागतं. म्हणून मी पाना खिशात घालून माझ्या काळ्या सायकलवर त्यांच्या मागे निघालो, करजणपर्यंत. पाहुण्यांना थोडं पुढे जाऊन निरोप द्यायचा, म्हणून समितीची गाडीही निघाली. दादाची. हायवेवर ट्रक अंगावर येत होते, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं दवाने काळी दिसत होती. मार्थाबाई सगळ्यांत शेवटी. मी त्यांच्या मागे, नजर चाकावर.

करजणला चहाला सगळे थांबले. मी चाक तपासलं, दोन-तीन स्पोक पाव-पाव फेरा आवळले. "पुढे छोट्या लाइनीचं फाटक आहे," मी बाईंना म्हणालो. "रूळ वर आलेत. तिथे उतरून ढकलत न्या."

"उतरले तर काय होईल?"

"काही नाही. चाक वाचेल."

"आणि नाही उतरले तर?"

"तर कळेल मी कसा मेकॅनिक आहे ते."

बाईंनी बूट आवळले. "सलाम, भाऊ," म्हणाल्या, आणि निघाल्या. फाटकाजवळ बाकीचे उतरलेले मला दिसले, साहेबसुद्धा. बाई उतरल्या नाहीत. पेडलवर उभ्या राहिल्या, एक धक्का, दुसरा धक्का, सायकल हवेत थोडी उसळली, आणि पलीकडे गेली. चाक सरळ पळत होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुठ्ठ्यावरचा दोरा अखंड राहणार होता, त्यांना तेवढंच हवं होतं. मलाही.

गाडीची काच खाली झाली. "बस, बाळ्या," दादा म्हणाला. "सायकल टपावर बांधू. आता ऊन चढेल, किती चालवशील? तुझं वय काय आता?"

"बावीस मैल," मी म्हणालो. "आलो तसा जातो."

"हट्ट करू नकोस."

मी टांग मारली. करजण गावातून हायवेपर्यंतचा रस्ता तेव्हा अरुंद होता, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला बाभळी. मी मधोमध चालवत होतो. मागे दादाची गाडी आली. त्याने हॉर्न दिला, एकदा, मग दोनदा, मग थांबून पुन्हा एकदा, हळू, हाक मारल्यासारखा. मला ऐकू येत होतं.

मी बाजू दिली नाही. हायवे येईपर्यंत प्रोफेसरसाहेब माझ्या वेगाने आले.